डॉटच्या पुढचं ते नाव नक्की देतं कोण?

बँकांच्या वेबसाइटचे पत्ते बदलले तेव्हापासून डोमेनवरचे, म्हणजे वेबसाइटच्या नावांवरचे, प्रश्न भरपूर येतायत, त्यातले काही इथे घेतोय. एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो. .कॉम, .इन, .ऑर्ग, .शॉप, काहीही समोर येऊ दे, ते दिसायला कसं आहे ते सोडा, ते देतं कोण आणि देताना घेणाऱ्याची काही तपासणी करतं का, एवढं बघा. पत्ते इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

प्रश्न: मी बेस्टमधून रिटायर झालोय, परळला राहतो. आमच्या बँकेची साइट इतकी वर्षं डॉट को डॉट इन होती, आता वर डॉट बँक डॉट इन दिसतं. मुलगी म्हणते खरी आहे, पण एका मित्राचे पैसे अशाच लिंकवरून गेलेत त्यामुळे पासवर्ड टाकायची भीती वाटते. ओळखायचं कसं?

काका, मुलगी बरोबर सांगतेय. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये हे जाहीर केलं, एप्रिलमध्ये सर्क्युलर काढलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन वर यायला सांगितलं. हे नाव द्यायचा अधिकार एकाच संस्थेकडे आहे, हैदराबादची आयडीआरबीटी, जी रिझर्व्ह बँकेनेच उभी केलीय. म्हणजे उद्या कोणी भामटा पैसे घेऊन गेला तरी त्याला .बँक.इन मिळणार नाही कारण तो बँक नाहीये. जुन्या .को.इन ला असली काही अट नव्हती, ते कोणीही घेऊ शकत होतं आणि आजही घेऊ शकतं, म्हणून हा बदल मला मनापासून आवडलाय, खरं तर फार आधी व्हायला हवा होता.

आता ओळखायचं कसं. आपण पत्ता डावीकडून वाचतो आणि पहिल्या दोन शब्दांत बँकेचं नाव दिसलं की निश्चिंत होतो, फसवणारे नेमका ह्याचाच फायदा घेतात. पाकिटावरचा पत्ता पोस्टात जसा खालून वर वाचतात, आधी गाव मग गल्ली मग घर, तसं वेबसाइटचं नाव उजवीकडून वाचायचं. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि दोन तिरप्या रेघा सोडून द्या, त्यानंतर जिथे पहिली एकटी तिरपी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून मागे मागे या. एसबीआय.बँक.इन मध्ये शेवटी इन, त्याच्या आत बँक, त्याच्या आत एसबीआय, म्हणजे ठीक. आता समजा मेसेजमध्ये एसबीआय.बँक.इन.केवायसी-अपडेट.टॉप अशी लिंक आली. उजवीकडून वाचा, शेवटी टॉप आहे, त्याच्या आधी केवायसी-अपडेट, म्हणजे ही साइट केवायसी-अपडेट.टॉप वाल्याची, आणि त्याच्या डावीकडे तो त्याला हवं ते लिहू शकतो, तुमच्या बँकेचं नाव, रिझर्व्ह बँकेचं नाव, काहीही, त्याला कोणी अडवत नाही.

अजून एक युक्ती असते आणि ती जास्त वाईट आहे. डॉटच्या जागी छोटी आडवी रेघ टाकतात, एसबीआय-बँक.इन. घाईत दोन्ही सारखंच वाटतं. पण बँकच्या आधी डॉट नसून रेघ असेल तर ते साधं .इन झालं, आणि साधं .इन घ्यायला बँक असावं लागत नाही. चष्मा लावून डॉट बघा, खरंच सांगतो. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका, त्याचा अर्थ फक्त इतकाच की मधल्या वाटेवर कोणी वाचत नाहीये, पलीकडे बसलेला माणूस कोण आहे ते कुलूप सांगत नाही.

चलानच्या मेसेजलाही हाच नियम. सरकारी साइटचा शेवट .गव्ह.इन हवा, कारण ते नाव फक्त सरकारी खात्यांना आणि संस्थांना एनआयसी या सरकारच्या आयटी संस्थेमार्फत मिळतं. गाडीचा दंड भरा म्हणून लिंक आली आणि शेवटी .गव्ह.इन नसेल, किंवा मोबाइलवर एपीके फाइल (म्हणजे थेट ॲप) उतरवायला सांगत असेल, तर मेसेज डिलीट करा. आणि पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करा, थांबू नका.

प्रश्न: गिरगावात माझा घरगुती मसाल्यांचा आणि फराळाचा व्यवसाय आहे. वेबसाइट बनवणारा म्हणतो डॉट शॉप घ्या, पहिल्या वर्षी ९९ रुपये. भाऊ म्हणतो डॉट कॉमच घे. मला तर फरकच कळत नाही.

ताई, ९९ रुपये हे पहिल्या वर्षाचे आहेत, दुसऱ्या वर्षीचा आकडा त्याला आजच विचारा आणि लेखी घ्या. .शॉप, .स्टोअर, .ऑनलाइन ही नावं नव्या पिढीची. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी आयकॅन ही संस्था, तिने २०१२ मध्ये कोणालाही आपलं नवं एक्स्टेन्शन, म्हणजे डॉटच्या पुढचं नाव, काढायची मुभा दिली, एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. त्यातून कंपन्यांनी ही एक्स्टेन्शन्स धंदा म्हणून चालवायला घेतली. (.स्टोअर आणि .ऑनलाइन चालवणारी रॅडिक्स ही कंपनी तर मुंबईत सुरू झालेल्या डायरेक्टी ग्रुपमधनंच निघालीय.) वाईट काही नाही यात, पण पहिल्या वर्षी स्वस्त आणि रिन्युअलला कित्येक पट हा त्यातल्या बऱ्याच जणांचा हिशोब असतो. .कॉमची घाऊक किंमत किती वाढवायची यावर करारात मर्यादा आहे, ह्या नव्यांपैकी बहुतेकांवर नाही. एकदा तुमच्या बरणीवर, पिशवीवर, व्हिजिटिंग कार्डावर नाव छापलं की तुम्ही अडकलात, मग ते सांगतील ती किंमत.

.शॉप दिसलं म्हणजे दुकान खरं, असं अजिबात नाही, कोणी तपासत नाही. .कॉमही तसंच, कमर्शियलवरून आलं पण आज कुठलीच अट नाही. मी तुमच्या जागी असतो तर .इन घेतलं असतं. तुमचं गिऱ्हाईक गिरगाव, दादर, पार्ले, फार तर पुण्याचं, त्यांना .इन ओळखीचं आहे आणि दर त्यातल्या त्यात स्थिर असतो. नाव मोकळं असेल आणि परवडत असेल तर .कॉमपण घेऊन ठेवा, म्हणजे दुसरं कोणी तुमच्या नावाने चकल्या विकणार नाही.

आणि .को.इन घ्यायचं का .इन असं पुढे विचाराल म्हणून सांगतो, काही फरक नाही. २००५ च्या आधी सामान्य माणसाला थेट .इन मिळायचंच नाही, .को.इन वगैरेच मिळायचं, ती जुनी सवय राहिलीय. तेव्हाचा .इन चा कारभार आपल्या जुहूतून चालायचा, एनसीएसटी नावाच्या सरकारी संशोधन संस्थेतून, पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. नियम इतके कडक होते की २००४ पर्यंत सगळ्या देशात मिळून काही हजारच नावं नोंदली गेली होती. २००५ पासून काम निक्सी या संस्थेकडे आलं, दारं उघडली आणि आज ती लाखोंमध्ये आहेत.

प्रश्न: बीएस्सी आयटीला आहे, पार्ल्याला कॉलेज. नोट्समध्ये डोमेनचे प्रकार म्हणून कॉम, ऑर्ग, नेट, एज्यु, गव्ह, मिल, इंट अशी सात नावं आहेत. व्हायवामध्ये सरांनी विचारलं की मग डॉट टाटा कशात येतं, सगळे गप्प. खरे प्रकार किती?

तुमच्या सरांचा प्रश्न मस्त आहे. नोट्समधली यादी १९८० च्या दशकातली आहे, ते प्रकार नाहीत, ती नुसती नावं आहेत. १९८४ मध्ये इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातले संशोधक जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी आराखडा मांडला, १९८५ पासून ती नावं वापरात आली, सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने त्याच वर्षी १५ मार्चला पहिलं .कॉम घेतलं, .इंट १९८८ चं. आज १,४०० च्या वर टॉप लेव्हल डोमेन्स, म्हणजे शेवटच्या डॉटच्या पुढची नावं, आहेत आणि त्यांची मूळ यादी आयकॅनकडची आयाना ही यंत्रणा ठेवते, तिच्या डेटाबेसमध्ये प्रत्येकापुढे प्रकार लिहिलेला असतो, परीक्षेत तेच लिहा.

सगळ्यात सोपा नियम आधी लक्षात ठेवा. इंग्रजी दोन अक्षरं असतील तर तो देशाचा किंवा प्रदेशाचा कोड, सीसीटीएलडी. तीन किंवा जास्त अक्षरं असतील तर तो देशाचा नाही. हे दोन अक्षरांचे कोड आयकॅन ठरवत नाही, आयएसओ ३१६६ या यादीतून येतात, आणि हे मुद्दाम केलंय, कारण कुठला प्रदेश देश आहे आणि कुठला नाही या भांडणात पोस्टेलना पडायचंच नव्हतं. अपवाद आहेत, ब्रिटनचा आयएसओ कोड जीबी आहे पण ते .यूके वापरतात, आणि युरोपियन युनियन देश नसून .ईयू आहे. .भारत सारखी दुसऱ्या लिपीतली देशनावंही ह्याच गटात येतात, त्यांना दोन अक्षरांची अट नाही.

मग जेनेरिक, .कॉम पासून .शॉप पर्यंत सगळा ढीग. त्यातच जेनेरिक-रिस्ट्रिक्टेड म्हणून एक चिमूटभर गट, .बिझ, .नेम, .प्रो, वापरावर कागदोपत्री अट असलेले. मग स्पॉन्सर्ड, म्हणजे एखाद्या समुदायाच्या वतीने एक संस्था सांभाळते आणि कोणाला द्यायचं ते ठरवते. .एरो विमानवाल्यांचं, .म्युझियम संग्रहालयांचं, .कॅट कॅटलान भाषा आणि संस्कृतीचं, .पोस्ट जागतिक टपाल संघाचं. आणि गंमत म्हणजे तुमच्या नोट्समधली .एज्यु, .गव्ह, .मिल, .इंट हीसुद्धा आयाना स्पॉन्सर्डमध्येच धरते. .गव्ह आणि .मिल फक्त अमेरिकेची, .एज्यु आता जवळपास फक्त तिथल्या मान्यताप्राप्त संस्थांना, म्हणून तर आपल्या कॉलेजांना .एसी.इन किंवा .एज्यु.इन घ्यावं लागतं जे अर्नेट ही सरकारी संस्था देते.

इन्फ्रास्ट्रक्चर या प्रकारात एकच नाव, .आर्पा, आयपी नंबरवरून नाव शोधायचं काम तिथे चालतं, माणसं ते कधी बघत नाहीत. शेवटचा प्रकार टेस्ट. २००७ मध्ये इंग्रजी सोडून इतर लिप्या चालतात का ते बघायला अकरा नावं टाकली होती, त्यातलं एक देवनागरीत होतं, .परीक्षा! २०१३ मध्ये ती काढून टाकली, पण यादीत अजून नोंद आहे.

आता .टाटा. लोक त्याला ब्रँड टीएलडी म्हणतात, .जिओ, .एसबीआय तसलीच, आणि आयकॅनच्या करारात ब्रँडसाठी वेगळी कलमंही आहेत. पण आयानाच्या डेटाबेसमध्ये त्याच्यापुढे जेनेरिकच लिहिलेलं आहे. सरांना दोन्ही सांगा.

प्रश्न: लालबागला आमचं गणेशोत्सव मंडळ आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे. डॉट ऑर्गसाठी ते सर्टिफिकेट लागतं का? आणि आमचं आधीचं डोमेन एका जुन्या कार्यकर्त्याच्या नावावर होतं, तो दुबईला गेला आणि ते गेलं.

सर्टिफिकेट लागत नाही. .ऑर्ग कोणालाही मिळतं, कंपनीला, एकट्या माणसाला, कोणालाही, आणि म्हणूनच .ऑर्ग बघून वर्गणी देऊ नका असं मी सगळ्यांना सांगत असतो. पण त्या नावाला एक प्रतिष्ठा आहे हेही खरं. ते पीआयआर ही ना-नफा संस्था चालवते. २०१९ मध्ये ती संस्था १ अब्ज डॉलरच्या वर किमतीला एका गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं होतं, जगभरच्या संस्थांनी एवढा विरोध केला की एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने परवानगी नाकारली. तेव्हा बिनधास्त घ्या.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डोमेन विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलेलं असतं, आणि नोंद ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ईमेलवर आहे त्याचंच ते. रजिस्ट्रंट (ज्याच्या नावावर नोंद असते तो) म्हणून मंडळाचं नोंदणीकृत नाव टाका, ईमेल मंडळाचा ठेवा (आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडलं की ईमेलपण बंद), पासवर्ड अध्यक्ष आणि खजिनदार दोघांकडे, एकदम पाच-दहा वर्षांचे पैसे भरून टाका. .ऑर्ग किंवा .कॉमची मुदत संपून नाव रद्द झालं तरी ३० दिवस रिडेम्पशनचे असतात, जादा पैसे भरून परत मिळतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं, आणि असली मोकळी होणारी नावं पकडायला लोक टपून बसलेले असतात. तुमचं जुनं नाव कोणी मंडळाचं सोंग आणून वर्गणी गोळा करायला वापरत असेल तर तक्रार करता येते, .इन साठी आयएनडीआरपी आणि .कॉम-.ऑर्गसाठी यूडीआरपी अशा दोन वेगळ्या पद्धती आहेत, कोर्टात न जाता.

प्रश्न: आम्ही पवईत तिघं मिळून स्टार्टअप करतोय. डॉट एआय घ्यायचं जवळपास नक्की आहे, डॉट आयओ पण बघितलं. काही धोका?

दोन अक्षरं, म्हणजे देशाचा कोड, वर विद्यार्थ्याला सांगितलं तेच. .एआय म्हणजे अँग्विला, कॅरिबियनमधलं एक चिमुकलं ब्रिटिश बेट, २०२३ मध्ये तिथल्या सरकारच्या उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा ह्या नावांतून आला. .टीव्ही तुवालूचं, .एमई माँटेनेग्रोचं, .सीओ कोलंबियाचं. नावामागे देश असतो तेव्हा नियमही त्या देशाचे. लिबियाच्या .एलवाय वर व्हीबी नावाची लिंक छोटी करून देणारी सेवा होती, २०१० मध्ये तिथल्या रजिस्ट्रीने, म्हणजे ती नावं देणाऱ्या संस्थेने, स्थानिक कायद्यात बसत नाही म्हणून ती काढून घेतली, मालकांच्या हातात काही नव्हतं.

.आयओ चं प्रकरण अजून नाजूक. तो हिंद महासागरातल्या चागोस बेटांचा कोड, आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने ती बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केलीय. आयएसओच्या यादीतून एखादा कोड गेला तर आयकॅनच्या धोरणाप्रमाणे साधारण पाच वर्षांत तो बंद करायचा असतो, वाढवून जास्तीत जास्त दहा. युगोस्लाव्हियाचा .वाययू असाच २०१० मध्ये बंद झाला. आणि उलट उदाहरण म्हणजे सोव्हिएत युनियन जाऊन एवढी वर्षं झाली तरी .एसयू चालूच आहे. म्हणजे उद्याच बंद होईल असं नाही, पण नवीन कंपनी त्यावर उभी करायला मी सांगणार नाही. .एआय घ्या हवं तर, महाग आहे आणि किमान दोन वर्षांचं घ्यावं लागतं, बरोबर त्याच नावाचं .कॉम किंवा .इन घेऊन ठेवा आणि गिऱ्हाइकांना जाणारे ईमेल त्यावरूनच पाठवा.

प्रश्न: आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे, भांडुपचा. साइटचं नाव मराठीतच हवंय, शेवटी डॉट भारत. चालतं का खरंच?

चालतं. देवनागरीतलं .भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मराठीबरोबर हिंदी, कोकणी आणि इतर काही भाषांना तेच. भारताकडे वेगवेगळ्या लिप्यांतली आणि भाषांतली अशी पंधरा नावं आहेत, दुसऱ्या कुठल्या देशाकडे इतकी नाहीत. ब्राउझरमध्ये मराठीत टाइप केलं की आतल्या आत ते इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलतं, एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं, कारण मूळ यंत्रणेला अजून तेवढीच अक्षरं कळतात. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आणि असली अगम्य अक्षरं दिसली तर घाबरू नका, तुमचीच साइट आहे.

मराठीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमच्या नावात दऱ्या, वाऱ्या, किनाऱ्यावर असला शब्द असेल तर तो ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतो, काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ वापरतात आणि काही साधा र घेऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. साइटचं नाव अशा शब्दाचं ठेवलंत तर निम्म्यांना साइट सापडणारच नाही. सह्याद्री, गड, वाटा, घाट, असलं साधं नाव घ्या. ईमेलही .भारत वर घेता येतो पण बरेच फॉर्म अजून तो चुकीचा म्हणून परत पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो, २०१४ पासून नाव आहे आणि अजून आपल्याच लोकांनी बनवलेले फॉर्म ते घेत नाहीत. तुम्ही .भारत घ्याच, वापरणारे वाढल्याशिवाय हे सुधारणार नाही, फक्त जोडीला एक .इन ठेवा आणि ईमेल त्यावर चालवा.

प्रश्न: लंडनला डॉट लंडन आहे, टोकियोला डॉट टोकियो. डॉट मुंबई का नाही?

कारण २०१२ मध्ये कोणी मागितलंच नाही. शहराचं नाव घ्यायला संबंधित सरकारचं पाठिंब्याचं किंवा हरकत नसल्याचं पत्र लागतं, बर्लिन, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो यांनी तेव्हा ते सगळं केलं. दुसरी फेरी एप्रिल २०२६ पासूनची, अर्जाची फी २,२७,००० डॉलर, आणि वर ते एक्स्टेन्शन वर्षानुवर्षं चालवायचा खर्च वेगळा. मला .मुंबई बघायला नक्की आवडेल, रोमन आणि देवनागरी दोन्हींत, पण एकाच अटीवर, ते देताना पत्ता आणि ओळख तपासली पाहिजे. तसं न करता पहिल्या वर्षी ९९ रुपयांत वाटलं तर महिन्याभरात खोट्या म्हाडा लॉटरीच्या साइट त्यावर उभ्या राहतील.